बिनमिठाची काकडी

मुकुटबनच्या शाळेवर मी रुजू झालो तेव्हा मला तेविसावं लागलं होतं आणि दोनच पदार्थ करता येत होते, खिचडी आणि स्यामी काकडी. खिचडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ती रोज खालून लागायची आणि रोज मी पातेलं घासताना स्वतःला शिव्या द्यायचो. काकडीबद्दल मात्र सांगायला हवं, कारण तो पदार्थ त्या काळी आमच्या अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला येत असेल असं मला वाटत नाही.

छप्पन साली आमच्या वस्तीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी स्यामदेशातले, म्हणजे आताच्या थायलंडमधले, एक भन्ते यवतमाळला आमच्या वस्तीत आले. बायकांनी रात्रीच्या जेवणाचा बेत ठरवला होता. मग कुणीतरी धापा टाकत सांगायला आलं की भन्ते दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत. झालं, सगळी उलथापालथ. दुसऱ्या दिवशी पहाटेच चुली पेटल्या. भन्त्यांबरोबर त्यांच्याच देशातला एक उपासक होता, बारीक अंगाचा, सारखा हसणारा. त्याला ना मराठी येत होती ना धड हिंदी. तो सरळ आमच्या घरात शिरला, आईच्या पुढ्यातल्या काकड्या उचलल्या आणि खाली बसून कापायला लागला.

आमच्याकडे काकडी कोचवतात, बारीक. त्यानं पातळ चकत्या केल्या. कांदा उभा चिरला. हिरवी मिरची आडवी कापली. मग त्यानं खुणेनं काहीतरी आंबट मागितलं. त्याच्या देशात शिरका घालत असावेत. आमच्या वस्तीत शिरका कुठला? आईनं लिंबं दिली. त्यात त्यानं साखर विरघळवली, चांगली मूठभर, आईचा जीव कासावीस होईपर्यंत. वरून मीठ, कोथिंबीर आणि खलबत्त्यात जाडसर कुटलेले भाजके शेंगदाणे. सगळं हातानं कालवून त्यानं पहिला घास आईपुढं धरला. आईनं चाखला. मग आईनं पुन्हा एकदा कालवलं, तेव्हा तिच्या हातचं थोडं त्यानं स्वतःच्या तळहातावर मागून घेतलं आणि खाल्लं.

आई मागच्या दारी गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी बघायला गेलो तर रडत होती. "येवढ्या दुरून आला अन् आपल्या हातचं खाल्लं रे त्यानं," एवढंच म्हणाली. पुढं आमच्या घरी सणावाराला ती काकडी होऊ लागली आणि तिचं नाव स्यामी काकडी पडलं. गोड, आंबट, तिखट, खारट, सगळं एकाच घासात. उन्हाळ्यात तर दुसरं काही नको वाटायचं.

तर मुकुटबन. गाव मोठं, शाळाही बऱ्यापैकी. गावानं मला राहायला शाळेमागची खोली दिली. त्यात आधी कडबा भरत असत. कितीही झाडलं तरी कोपऱ्यातून एखादं चिपाड निघायचंच. गाव वाईट होतं असं मी म्हणणार नाही. रस्त्यानं जाताना लोक हात जोडायचे, "गुरजी, पोट्टं अभ्यास करते ना?" म्हणून विचारायचे. पोरं तर फार गोड होती. पण शाळा सुटली की माझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत कुणाचं पाऊल पडत नसे. कुणी मज्जाव केला नव्हता, कुणी वाईट बोललं नव्हतं. येतच नव्हते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यापासून सोमवारपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे. सोमवारी हजेरी घेताना पहिली दोन नावं घशातच अडकायची.

याला अपवाद दोन माणसं. एक बंजारा तांड्यावरची म्हातारी. तिच्या बाडीत, म्हणजे घरामागच्या भाजीच्या मळ्यात, विहीर होती, त्यामुळे उन्हाळ्यातही काकडी व्हायची. डोक्यावर टोपली घेऊन ती रविवारी सकाळी माझ्या दारात यायची. बाजारच्या दिवशी चावडीजवळ बसून काकड्या उभ्या चिरायची, मीठ-तिखट भरून विकायची. मी तिला याडी म्हणायचो. तिच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक काकडी जास्तीची ठेवली.

दुसरा माझा दोस्त. तो चार मैलांवरच्या खेड्यात एकशिक्षकी शाळेवर होता. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, बऱ्या शेतीवाडीच्या घरातला, घरी म्हातारी आई. आमची ओळख शिक्षकांच्या मासिक सभेत झाली. सभेत सगळे पेंगत होते आणि आम्ही दोघंच जागे होतो, एवढ्यावर दोस्ती जमली. त्याला बुद्धिबळाचा नाद. खेड्यात त्याच्याशी खेळायला कुणी नव्हतं, आणि मला तर बोलायलाही कुणी नव्हतं. पुढच्या रविवारी भर दुपारी सायकलची घंटी वाजली आणि तो दारात उभा. पिशवीत सोंगट्या. मी कोळशानं जमिनीवर पट आखला.

तो उंबरा ओलांडून आत आला, माझ्या सतरंजीवर बसला. मला काय वाटलं ते आता सांगायला लाज वाटत नाही. मला आनंदानं काही सुचेना. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो म्हणाला, "आत्ताच वाटेतल्या विहिरीवर पिऊन आलो." त्याचे ओठ सुकले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. मी चहाचं विचारलं. "चहा सोडला मी." जेवणाचं विचारलं. "जेवूनच निघालो ना घरून." मग मी याडीकडून घेतलेली काकडी कापायला घेतली. तर हा माणूस काकडीकडे असा बघायला लागला की मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, हिला तरी नाही म्हणू नका.

"काकडी चालते," तो म्हणाला. "पण मीठ नका टाकू गुरजी. डॉक्टरनं बंद केलं मले. पायाले सूज येते."

"अजाबात नाही?"

"चिमूटभर बी नाही."

मी मीठ घातलं नाही. तो पळसाचं एक पान सोबत घेऊन आला होता, वाटेत तोडलेलं. पानावर चव चांगली लागते म्हणाला. मी पानावर वाढलं. त्यानं ते इतक्या घाईनं खाल्लं, लिंबाचा रस बोटांवरून चाटून खाल्ला, की मी माझ्यासाठी ठेवलेलीही त्याच्या पानावर घातली. "हे कुठं शिकले हो तुमी?" त्यानं विचारलं. मी स्यामी उपासकाची गोष्ट सांगितली. आई रडली ते नाही सांगितलं.

त्यानंतर तो जवळजवळ दर रविवारी यायचा. रविवार आला की मी सकाळीच खोली सारवायचो, शेंगदाणे भाजून सालं पाखडून ठेवायचो, मिरचीचं बी काढायचो, कारण त्याला तिखट कमी लागायचं. खेळताना तो फार बोलायचा. शाळेतल्या पोरांचं, कपाशीचं, तपासणीला येणाऱ्या साहेबाच्या टोपीचं. मी हरत असलो तरी डाव लांबवायचो. डाव संपला की तो सायकल काढणार हे मला ठाऊक असायचं.

आणि एक मूर्खपणा मी केला. आपला दोस्त अळणी खातो आणि आपण त्याच्यासमोर मीठ घालून खायचं, हे मला बरं वाटेना. म्हणून मीही अळणी खाऊ लागलो. मिठाशिवाय ती काकडी म्हणजे नुसती भांडकुदळ. साखर एकीकडे, लिंबू दुसरीकडे, मिरची आपल्याच तोऱ्यात. एकमेकांशी बोलायला तयार नाहीत. तरी मी खाल्ली. हिवाळ्यात काकडी मिळेना तेव्हा त्याच पद्धतीनं मुळा केला, पेरू केला, तेही बिनमिठाचे. सवयीनं मला ते आवडतं असंही वाटायला लागलं होतं. एकटा माणूस कशाची सवय लावून घेईल याला धरबंध नाही.

वर्ष उलटून पुन्हा चैत्र आला. एका रविवारी याडी जरा उशिरा आली, मी आधीच घेतलेल्या काकड्या कापून लिंबू पिळत होतो. ती टोपली उतरवून उंबऱ्याबाहेर बसली आणि माझे हात बघत राहिली.

"मीठ नाही टाकलं काहून?" तिनं विचारलं.

"आमच्या गुरजीले चालत नाही. डॉक्टरनं बंद केलं."

"कोणत्या गुरजीले? तो सायकलवाला?"

"हो."

ती हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "अरे बापा, गेल्या बाजारी माह्यापाशी उभा राहून दोन काकड्या खाल्ल्या त्यानं. मीठ कमी पडलं म्हणून पुडीतून अजून मागून घेतलं. चांगलं बोट बुडवून चाटलं. कोणत्या डॉक्टरचं सांगून राह्यला तू?"

मी म्हणालो, दुसरा कुणी असेल.

"दुसरा कायले? मले दिसत नाही का?" मग तिचा आवाज खाली आला. मला कळलं नाही असं तिला दिसलं असावं. तिनं पोराला सांगावं तसं सांगितलं, "फळाचं काही नसते रे. काकडी कोणाच्या बी हातची चालते. मीठ लागलं का मंग ते जेवण होते. तुह्या घरचं जेवण तो कसा करन?"

ती उठली, टोपलीखालची चुंबळ डोक्यावर नीट केली. "मी बी नाही पेत तुह्या घरचं पाणी. माह्या तांड्यावर चालत नाही. पण मी तुले डॉक्टरचं नाही सांगत," ती म्हणाली आणि गेली.

आज मागं वळून पाहताना वाटतं, मला हे कळत नव्हतं का? मी काही आभाळातून पडलेला नव्हतो. पाण्याचं मला कळत होतं, चहाचं कळत होतं, पळसाच्या पानाचंही कळत होतं. मिठाचा नियम तेवढा माहीत नव्हता, कारण आमच्या वस्तीत वरच्या जातीचं कुणी काकडी खायलाही आलं नव्हतं. पण नियम माहीत नसला म्हणून काय झालं? सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, चार मैल सायकल मारत येणारा धडधाकट माणूस, त्याच्या पायाला सूज मी एकदा तरी पाहिली होती का? मला विश्वास ठेवायचा होता म्हणून मी ठेवला. त्याच्या खोटेपणात माझाही वाटा होता आणि मला राग आला तो निम्मा माझाच आला.

पण त्या वेळी एवढा शहाणपणा नव्हता. मी डब्यातून मीठ काढलं आणि काकडीत घातलं. चांगलं घातलं, त्या स्यामी माणसानं घातलं होतं तसं. त्याच्यासाठी बिनमिठाची वेगळी काढली नाही. तो खाईल, मग खाऊन झाल्यावर मी सांगेन, असा माझा बेत होता. काय सांगेन, कसं सांगेन, त्याचा चेहरा कसा होईल, सगळं मी मनात दोनदा बोलूनही पाहिलं.

तो आला. घामानं निथळत होता. "आज लईच ऊन हाय," म्हणत त्यानं पान पसरलं. मी वाढलं, समोर बसलो आणि पटावर सोंगट्या मांडू लागलो. त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्यानं टोपी काढली, घाम पुसला, गावातल्या एका लग्नाचं काहीतरी सांगितलं. मग घास उचलायला हात खाली नेला आणि तसाच ठेवला.

पानावर पाणी सुटलं होतं. चकत्या नरम पडून त्या पाण्यात बसल्या होत्या, एक ओघळ पानाच्या शिरेवरून सतरंजीकडे चालला होता. वर्षभर तो माझ्याकडची काकडी खात होता. तिला असं पाणी कधी सुटलं नव्हतं. माझ्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

"मीठ पडलं का आज?" त्यानं विचारलं.

"पडलं."

"विसरले असान." त्यानं मला वाट काढून दिली होती. मी ती घ्यावी असं त्याला फार वाटत होतं, ते त्याच्या आवाजात कळत होतं.

"विसरलो नाही. टाकलं. बाजारात तं चालते म्हणे तुमाले."

तो पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मायनं शपथ घातली हाय गुरजी. मी इथून घरी गेलो का दर वेळी इचारते, त्याच्या घरचं मीठ-पाणी नाही ना घेतलं? मले तिच्याशी खोटं बोलता येत नाही."

"अन् माह्याशी?"

त्यानं सोंगट्या पिशवीत भरल्या नाहीत. पान दोन्ही हातांनी उचललं, सांडू नये म्हणून चारी बाजूंनी दुमडलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. मग टोपी घातली आणि गेला. मी दारात गेलो नाही. पण सायकल वळल्याचा आवाज ऐकला आणि पहिला विचार आला तो हा की, हा आता एवढ्या उन्हात चार मैल तहानेला जाणार. ज्याला हाकलायचं होतं त्याच्याच तहानेची काळजी मला लागावी, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

ती काकडी मी खाल्ली, त्याची आणि माझी. वर्षानंतर मिठाची. इतकी चांगली लागली की त्याचाही राग आला.

पुढचा रविवार आला. मी खोली सारवली नाही. त्याच्या सोंगट्या पटावर तशाच होत्या, मी दोन्ही बाजूंनी खेळलो. पांढऱ्यासाठी एक चाल, काळ्यासाठी एक, आणि दर वेळी मला समोरच्याच्या मनातलं आधीच माहीत. तिसऱ्या चालीला कंटाळा आला. संध्याकाळी शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसलो. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं हात जोडले, मीही जोडले. दिवसभरात माझ्याशी झालेला तेवढाच व्यवहार.

त्याच्या पुढच्या रविवारी मला ताप होता. घडा रिकामा झाला तरी उठवेना. दुपारी याडीची हाक आली. दारातून तिनं पाहिलं, माझी बादली घेऊन गेली आणि विहिरीवरून भरून आणून उंबऱ्यावर ठेवली. आत आली नाही. मी पडल्या पडल्या तिला म्हणालो, "याडी, थोडी बस ना." ती उंबऱ्याबाहेर बसली. नातवाबद्दल काहीतरी बोलली. मला अर्धंमुर्धं कळलं, पण ती उठेपर्यंत मी हुंकार देत राहिलो.

चौथ्या रविवारी घंटी वाजली. मी काकडी घेतलेली होतीच. घेतली नव्हती असं खोटं कशाला सांगू? तो दारात उभा होता, हातात पळसाचं पान, मान खाली. ओठ तसेच सुकलेले.

"बसू का?" त्यानं विचारलं.

आधी तो असं कधी विचारत नसे. मी नाही म्हणू शकत होतो. मधल्या रविवारांत मी नाही म्हणायची चांगली तयारी केली होती, वाक्यं जुळवली होती, ती आजही मला पाठ आहेत.

"बसा," मी म्हणालो.

मी काकडी कापली, कांदा चिरला, लिंबात साखर विरघळवली, शेंगदाणे घातले. तो माझ्या हाताकडे बघत होता, मीठ कुठं आहे ते. मी निम्मं त्याच्या पानावर वाढलं, तसंच. मग माझ्या ताटलीतल्या निम्म्यात, त्याला दिसेल असं, चिमटीनं मीठ टाकलं आणि कालवलं. माझ्या ताटलीत पाणी सुटलं, त्याच्या पानावर नाही. दोघंही खाली मान घालून खात राहिलो. शेवटी तो बोटं चाटत म्हणाला, "मस्त झाली," आणि सुटल्यासारखा हसला.

त्यानंतर त्याची बदली होईपर्यंत दीड वर्ष तो असाच येत राहिला. मी त्याला माफ केलं असं तो धरून चालला असणार. मी माफ केलं नव्हतं. मला रविवार एकट्यानं काढवत नव्हता.